आच थोडी, ऊब पुष्कळ



सुगीच्या दिवसांत दुपारी एकच्या सुमारास आपल्या कोणत्याही वस्तीवर जा, एकच देखावा दिसतो. सकाळी आठला शेतावर गेलेली बाई डोक्यावर वैरणीचा भारा घेऊन घरी येते, भारा गोठ्यापुढे टाकते आणि हातपाय धुऊन लगेच चुलीपुढे बसते. पोरे भुकेली येणार, घरधनी येणार, म्हातारी सासू केव्हाची वाट पाहते आहे. हरभरा रात्री भिजत घातलेला असतो, पण तो शिजायला तासभर तरी हवा. मग काय होते? हरभरा तसाच राहतो आणि मिरचीच्या खर्ड्याबरोबर भाकरी खाऊन सगळी पुन्हा कामाला लागतात. कडधान्य आपल्याच रानात पिकते, पोत्यात भरून माळ्यावर असते, तरी ताटात येत नाही. त्याचे कारण प्रत्येक वेळी गरिबी नसते. पुष्कळदा वेळ नसतो आणि जळण परवडत नाही.

आज एका साध्या साधनाविषयी सांगायचे आहे. त्याला वीज लागत नाही, विकत आणावे असे जवळजवळ काही लागत नाही आणि त्याच्यापुढे कोणाला बसून राहावे लागत नाही. सकाळी चहाच्या वेळी उकळी आणलेले तपेले त्यात ठेवून आपण रानात जावे आणि दुपारी परत येऊन गरम, मऊ, मुरलेली आमटी वाढून घ्यावी. हे साधन म्हणजे पेंढ्याची पेटी.

वैल हरवला

आपल्या आजीच्या चुलीला शेजारी एक वैल असे. मुख्य चुलीवर भाकरी चालायची आणि तिची उरलेली आच वैलावर जायची. वैलावरच्या गाडग्यात डाळ रटरटत राही, नाहीतर दूध तापत राही. त्यासाठी वेगळे लाकूड कोणी घालत नसे. वैलावरच्या त्या आमटीची चव अजून अनेकांच्या जिभेवर आहे. ती चव मसाल्याची नव्हती. मंद उष्णतेत धान्य सावकाश फुलले, त्याची ती चव होती.

पुढे गॅस आला. २०१६ साली उज्ज्वला योजना सुरू झाल्यावर अनेक गरीब घरांतही सिलिंडर पोचला. ही गोष्ट चांगलीच झाली. चुलीच्या धुराने डोळे आणि छाती किती बिघडते हे आपल्या घरातील बायकांना विचारावे. घरातल्या धुराने २०२० साली जगात सुमारे ३२ लाख माणसे दगावली, असा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे. परंतु गॅसच्या शेगडीला वैल नाही. बटण कितीही बारीक केले तरी जळणाऱ्या प्रत्येक मिनिटाचे पैसे पडतात. म्हणून घरात शेगडी असूनही हरभरा, हुलगे, उकडा तांदूळ असे वेळ खाणारे पदार्थ पुन्हा चुलीवर जातात आणि त्यांच्याबरोबर बाईही पुन्हा धुरात जाते. पेंढ्याची पेटी हा हरवलेला वैल आपल्याला परत देते.

उकळीचा हिशेब

आता थोडा हिशेब पाहू. एक लिटर पाणी २५ अंशांवरून उकळीपर्यंत आणायला सुमारे ७५ किलोकॅलरी उष्णता लागते. पण तेच उकळते पाणी सगळे वाफ होऊन उडून जायचे असेल तर आणखी सुमारे ५४० किलोकॅलरी लागतात. म्हणजे उकळी आणणे स्वस्त आहे, वाफ उडवत बसणे महाग आहे. दोन लिटरचे तपेले उकळीला आणायला १५० किलोकॅलरी पुरतात. नंतर ते तासभर रटरटत ठेवले आणि त्यातले पाव लिटर पाणी वाफ होऊन गेले, तर त्या वाफेनेच सुमारे १३५ किलोकॅलरी नेल्या. भांड्याच्या कडेने आणि शेगडीभोवती वाया गेलेली उष्णता आणखी वेगळी.

शिवाय आच मोठी केल्याने पाणी अधिक गरम होत नाही. खाली गोव्यात समुद्रकाठी ते १०० अंशांना उकळते. वर बेळगावात, सुमारे ७५० मीटर उंचीवर, ते साडेसत्त्याण्णव अंशांच्या आसपास उकळते. जोरात उकळले तरी तेवढेच, हळू उकळले तरी तेवढेच. दाणा मऊ व्हायला भडका लागत नाही. आधी एकदा नीट उकळी आली की नंतर ८०-९० अंशांची ऊब काही तास टिकली तरी पुरते. तेवढ्यात दाण्याचे पीठ फुगते आणि साल सैल होते. मटणाच्या मानेचे, नळीचे स्वस्त तुकडे चिवट असतात, तेही अशाच उबेत सावकाश विरघळल्यासारखे मऊ होतात. तेव्हा भांड्यात शिरलेली उष्णता बाहेर जाऊ दिली नाही, तर पुढचे शिजणे फुकटात होते.

दुसऱ्यांनी काय केले

ही युक्ती जुनी आहे. यहुदी लोकांना शब्बाथ दिवशी चूल पेटवण्याची मनाई. म्हणून पूर्व युरोपातल्या यहुदी बाया शुक्रवारी सूर्य मावळण्यापूर्वी घेवडा, जव आणि मांस घातलेले मडके गावच्या भट्टीवाल्याच्या निवत्या भट्टीत ठेवत आणि दुसऱ्या दिवशी गरम जेवण घरी नेत. त्या पदार्थाला चोलेंट म्हणतात. आपल्या कोकणातले मराठी बोलणारे बेने इस्रायल लोक तेलाचे घाणे चालवत, पण शनिवारी घाणा बंद ठेवत, म्हणून त्यांना शनिवार तेली नाव पडले. एक दिवस कामाला हात लावायचा नाही, हा नियम त्यांनी आपल्या मुलुखातही असा पाळला.

अमेरिकेतील इर्विंग नॅक्सन यांनी आपल्या आईकडून लिथुएनियातल्या ह्या चोलेंटची हकिकत ऐकली होती. त्यावरून त्यांनी विजेवर मंद शिजवणारे भांडे तयार केले. त्याचे पेटंट त्यांना १९४० साली मिळाले. पुढे रायव्हल कंपनीने त्यांचा धंदा विकत घेतला आणि १९७१ साली ते भांडे क्रॉक-पॉट ह्या नावाने बाजारात आणले. नोकरीला जाणाऱ्या बायकांना ते फार आवडले. आज असे स्लो कुकर आपल्याकडेही मिळतात. दोनशे वॅटचा असा कुकर आठ तास चालला तर सुमारे १.६ युनिट वीज लागते. पण ज्या गावात वीज केव्हा जाईल याचा नेम नाही, तेथे तो भरवशाचा नव्हे.

विजेशिवायची पेटीही तितकीच जुनी. १८६७ साली पॅरिसच्या मोठ्या प्रदर्शनात नॉर्वेहून आलेली अशी एक पेटी मांडली होती. दोन्ही महायुद्धांच्या काळात इंग्लंडमध्ये कोळशाची टंचाई पडली तेव्हा घरोघर गवताच्या पेटीत अन्न शिजवण्याचा प्रचार झाला. २००८ साली दक्षिण आफ्रिकेत वीज वरचेवर जाऊ लागली, तेव्हा सारा कॉलिन्स ह्या बाईंनी जाड गादीसारखी पिशवी काढली. तिचे नाव वंडरबॅग. तत्त्व एकच आहे, आणि ते आपल्या गोठ्यातही पडून आहे. पेंढ्यात झाकून आंबे पिकवताना मधला पेंढा किती उबदार होतो ते आपण जाणतोच.

पेटी कशी करावी

एक मोठी बांबूची बुट्टी किंवा लाकडी खोका घ्यावा. तपेले मध्ये ठेवल्यावर चोहोबाजूंनी आणि खाली किमान चार बोटे, शक्यतो वीतभर जागा उरली पाहिजे. आत बारदान अंथरावे. त्यावर भाताचा कोरडा पेंढा किंवा तूस दाबून भरावे. इंदूर-ग्वाल्हेरकडच्या वाचकांनी गव्हाचा भुसा घ्यावा. मध्ये तपेल्याच्या मापाचे घरटे करावे आणि पेंढा भांड्याला चिकटू नये म्हणून त्या घरट्यात जुने सुती लुगडे पसरावे. वरून झाकायला जुन्या कापडाची उशी शिवावी आणि तीही पेंढ्याने चांगली टच्च भरावी. तिच्यावर घरातली वाकळ टाकावी. झाली पेटी.

भांडे जाड बुडाचे आणि घट्ट झाकणाचे असावे. खानापूरकडची मातीची भांडी आपल्या भागात प्रसिद्धच आहेत. तेथे कुंभारकामाचे शिक्षण देणारी सरकारी संस्थाही आहे. जाड गाडगे ऊब चांगली धरते, फक्त ते हळूहळू तापवावे, नाहीतर तडकते. भांडे तीन चतुर्थांश तरी भरलेले असावे. वाटीभर आमटी मोठ्या पातेल्यात ठेवली तर ती लवकर निवते. म्हणून ही पेटी मोठ्या कुटुंबाला आणि पैऱ्याच्या माणसांच्या जेवणाला विशेष सोयीची.

दोन गोष्टी कटाक्षाने पाळाव्या. पहिली, चुलीवरचे भांडे असेल तर बुडाची काजळी ओल्या फडक्याने पुसून, कोठे ठिणगी नाही ना हे पाहून मगच पेटीत ठेवावे. पेटीत निखारे कधीही घालू नयेत. पेंढा हा पेंढाच आहे, एक ठिणगी पुरते. दुसरी, पेंढा वाफेने ओलसर होतो, म्हणून पेटी दर चार दिवसांनी उन्हात वाळवावी. बुरशीचा वास आला तर पेंढा बदलावा.

किती उकळावे, किती ठेवावे

पेटीत पाणी आटत नाही, म्हणून नेहमीपेक्षा पाव भाग पाणी कमी घालावे. कडधान्य रात्रभर, म्हणजे आठ तास तरी भिजलेले असावे. भिजवण्याच्या पाण्यात चमचाभर मीठ घातल्यास साल मऊ पडते. ते पाणी फेकून नवे घ्यावे. नंतर अदमासे असे धरावे:

तूरडाळ किंवा मसूर: दहा-पंधरा मिनिटे उकळून दोन तास पेटीत.
सबंध मूग, मटकी, चवळी: दहा-पंधरा मिनिटे उकळून अडीच-तीन तास.
हरभरा, हुलगे: पंचवीस मिनिटे उकळून चार-पाच तास.
उकडा तांदूळ, पेजेसाठी: दहा मिनिटे उकळून दोन तास.
मटण: अर्धा तास चांगले उकळून तीन-चार तास.

उकळणे म्हणजे झाकण ठेवून बुडबुडे येत राहतील असे उकळणे. शेवटच्या मिनिटाला आच मोठी करावी आणि भांडे न उघडता झटपट पेटीत ठेवावे. मी स्वतः पहिल्यांदा करून पाहिले तेव्हा कुतूहलापोटी तीन वेळा झाकण उघडले. दुपारी हरभरे गोट्यांसारखे कडक! स्वयंपाकाच्या मावशी हसून म्हणाल्या, "पेरलेलं बी उकरून बघायचं नसतं, तसंच हे." त्यांचे खरे होते. एकदा झाकण काढले की वाफेबरोबर आपली सगळी बचत जाते.

जुने, दोन वर्षे साठवलेले कडधान्य लवकर शिजत नाही. विहिरीचे पाणी जड असेल तरी तसेच होते. चिंच, आमसूल, टोमॅटो आधी घातल्यास दाणा आणखी कडक राहतो, म्हणून आंबट नेहमी शेवटी घालावे. सोडा घालण्याची सवय मात्र सोडावी. त्याने दाणा मऊ होतो, पण बी-१ जीवनसत्त्व नाश पावते. मऊ न झाल्यास पुन्हा दहा मिनिटे उकळून आणखी तासभर ठेवावे.

दोन साधे पदार्थ

हुलग्याची आमटी: आठ माणसांना चार वाट्या हुलगे निवडून रात्री भिजत घालावेत. सकाळी नव्या पाण्यात पंचवीस मिनिटे उकळून पेटीत ठेवावेत. दुपारी एक पळी दाणे ठेचून त्याच पाण्यात मिसळावेत, लसूण आणि सुक्या मिरचीची फोडणी द्यावी, आमसुले टाकावीत आणि एक खळखळून उकळी आणावी. हे वरचे दाट पाणी फेकू नये, चव आणि सत्त्व त्यातच आहे. शंभर ग्रॅम कोरड्या हुलग्यात सुमारे २२ ग्रॅम प्रथिने असतात. भाकरीत जे प्रथिनांचे अंग कमी पडते ते कडधान्य भरून काढते, म्हणून भाकरी आणि आमटी ही जोडी शहाणपणाची आहे. वर लिंबू पिळले तर त्यातले लोह अंगी लागायला मदत होते. जेवल्याबरोबर चहा घेतला तर उलट होते.

उकड्या तांदळाची पेज: एक वाटी तांदळाला सात-आठ वाट्या पाणी घ्यावे. दहा मिनिटे उकळून पेटीत ठेवावे. दोन तासांनी दाणा फुललेला आणि पेज दाट झालेली असते. मीठ, लोणच्याची फोड किंवा भाजलेल्या सुक्या बांगड्याचा तुकडा असला की आजाऱ्यालाही रुची येते आणि नांगरून आलेल्यालाही पोट भरल्यासारखे वाटते.

पालेभाजी मात्र पेटीत तासन्‌तास ठेवू नये. तिचे क जीवनसत्त्व उष्णतेने जाते. ती शेवटी घालून चार मिनिटे शिजवावी.

सावधगिरी

आता महत्त्वाचे. ऊब जशी आपल्याला उपयोगी, तशी जंतूंनाही. ५ ते ६० अंश ह्या दरम्यान अन्नातले जंतू वाढतात. काही जंतूंची बीजे उकळीतही मरत नाहीत आणि अन्न कोमट झाले की जागी होतात. मांसाच्या रश्श्यात आणि भातात हे विशेष घडते. म्हणून पुढील नियम पाळावेत.

१. पेटी उघडल्यावर भांडे इतके कढत असले पाहिजे की त्याला हात टेकवून ठेवता येऊ नये. नवीन पेटी प्रथम नुसत्या उकळत्या पाण्याने पाहावी. चार तासांनी पाणी ६० अंशांच्या वर असेल तरच तिच्यात अन्न ठेवावे. त्यासाठी तापाचा थर्मामीटर वापरू नये, तो एवढ्या उष्णतेत फुटेल. स्वयंपाकाचा वेगळा मिळतो.
२. पाच तासांपेक्षा जास्त वेळ ठेवू नये. रात्री लावून सकाळी काढण्याचा मोह टाळावा.
३. वाढण्यापूर्वी एकदा खळखळून उकळावे.
४. कोमट झालेले आढळले आणि ते केव्हा निवले याचा अंदाज नसेल, तर फेकून द्यावे. काही जंतूंचे विष पुन्हा उकळूनही जात नाही. लहान मुले, गरोदर बाया आणि म्हातारी माणसे घरात असतील तर येथे काटकसर करू नये.
५. राजम्याविषयी विशेष जपावे. कच्च्या लाल राजम्यात एक विषारी द्रव्य असते. चार-पाच कच्चे दाणेही एक ते तीन तासांत ओकाऱ्या आणि जुलाब सुरू करतात. मंद उष्णतेने ते नष्ट होत नाही, उलट ८० अंशांवर अर्धवट शिजलेला राजमा कच्च्याहूनही अधिक बाधू शकतो. म्हणून राजमा भिजवून, पाणी बदलून, अर्धा तास खळखळून उकळावा आणि मगच पेटीत ठेवावा. विजेच्या स्लो कुकरलाही हाच नियम लागू आहे.

कुकर असताना पेटी कशाला?

असे कोणी विचारील. प्रेशर कुकर उत्तम साधन आहे. त्यात १२० अंशांच्या जवळपास उष्णता मिळते, म्हणून वेळ आणि गॅस दोन्ही वाचतात. ज्याच्याकडे आहे त्याने तो जरूर वापरावा. पण पेरणी-कापणीला पंधरा माणसांची आमटी तीन लिटरच्या कुकरात मावत नाही. शिट्ट्या मोजायला कोणीतरी घरात राहावे लागते. आणि कुकरातले जेवण दोन वाजता उशिरा आलेल्याला थंडच मिळते. पेटीतले त्याची वाट पाहत गरम राहते. रविवारी सगळे कुटुंब मिस्साला जाते तेव्हाही मागे एकट्या गृहिणीला थांबायचे कारण उरत नाही. माझ्या मते हाच पेटीचा मोठा लाभ आहे.

म्हणून एक विनंती. नवा सिलिंडर लावाल त्या दिवशी कॅलेंडरवर खूण करा. एक सिलिंडर पेटीशिवाय आणि पुढचा पेटीसह वापरून किती दिवस गेले ते मोजा. कोणाच्या सांगण्यावर विश्वास ठेवू नका, आपल्याच कॅलेंडरवर ठेवा. आणि पेटी बांधायचे काम, पेंढा दाबायचे काम घरातल्या पुरुषांनी करावे. ज्या बाईने तुमच्यासाठी इतकी वर्षे धुरात डोळे चोळले, तिला एका दुपारी शेतावरून आल्यावर बसायला सांगा, झाकण तुम्ही उघडा आणि पहिले ताट तिला वाढा.